पाच पांढऱ्या काचा

फुटलेल्या काचा विल्मा टाकाचला दिसल्या तेव्हा सोमवारी सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

टोलीडोच्या त्या प्रयोगशाळेचं दार रोज तीच उघडायची. तिने बूट आपटून बर्फ झाडला, ओले हातमोजे काढले आणि बोटांकडे पाहून वैतागली. बोटं जांभळी झाली होती. कालची चर्चची पत्रिका कोटाच्या खिशात ओल्या हातमोज्याला लागून राहिली होती. १९९८ साल उजाडलं तरी फादर बेनेडेक ती पत्रिका हाताने फिरवायच्या जुन्या यंत्रावर जांभळ्या शाईतच काढत. पाण्याचा थेंब लागला की शाई सुटलीच.

हात धुवायला ती बेसिनकडे वळली आणि जागीच थांबली.

कोपऱ्यातल्या फळीखाली पत्र्याची चपटी पेटी उलटी पडली होती. तिच्याशेजारी काचेच्या तुकड्यांचा छोटासा ढीग होता. तुकड्यांवर पांढरा थर होता.

विल्मा हळूच खाली बसली. "एमरी," ती म्हणाली. एमरी हलास वारला त्याला महिना झाला होता.

काडेपेटीएवढ्या त्या पाच काचा म्हणजे एमरीने मागे ठेवलेलं सगळं काही होतं. कथिलाचा ऑक्साइड आणि जस्ताचा ऑक्साइड खलात घ्यायचा, व्हिनेगरचे थेंब सोडत तीन तास घोटायचा. काचेवर चिकटपट्टीची चौकट करून तो लेप काचकांडीने सारवायचा आणि भट्टीत भाजायचा. असा भाजलेला थर म्हणजे सौरघटाचा, म्हणजे सोलर सेलचा, इलेक्ट्रोड. थराला डोळ्यांना न दिसणारी अब्जावधी छिद्रं असतात. रंगात बुडवला की तो रंग पिऊन घेतो, आणि त्या रंगावर ऊन पडलं की वीज निघते. हे मिश्रण पुष्कळ जणांनी करून पाहिलं होतं. पण गेल्या नोव्हेंबरात एमरीच्या एका काचेपासून केलेल्या सेलने पडलेल्या उजेडापैकी नऊ टक्क्यांहून जास्त उजेडाची वीज केली, आणि प्रयोगशाळेत लोकांनी अक्षरशः टाळ्या वाजवल्या. आतलं द्रावण उडून तो सेल पुढे सुकून गेला. त्याच घाण्यातल्या या पाच काचा तेवढ्या उरल्या होत्या. येत्या शुक्रवारी त्या सरकारी चाचणीला जायच्या होत्या. तिथून शिक्का मिळाला की या मिश्रणाला एमरीचं नाव लागणार होतं.

पण घोटायचं नेमकं तंत्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याच्या वहीत एवढंच लिहिलेलं होतं: 'आवाज बदलेपर्यंत घोटणे.' कसला आवाज, ते विचारायला आता एमरी नव्हता.

विल्मा त्याला तो पाच वर्षांचा असल्यापासून ओळखत होती. नदीपलीकडच्या हंगेरियन वस्तीत दोघांची घरं समोरासमोर होती. ती काचेच्या कारखान्यात तपासणीच्या पट्ट्यावर एकतीस वर्षं उभी राहिली. निवृत्त झाली त्याच आठवड्यात तो दारात आला. म्हणाला, "नेनी, माझ्याकडे काचा कापायला ये. इथली शिकलेली माणसं काच पावासारखी कापतात." नेनी म्हणजे मावशी. मग प्रयोगशाळेत सगळेच तिला नेनी म्हणायला लागले.

---

आठ वाजता प्रोफेसर वाइथ आले. ते प्रयोगशाळेचे प्रमुख. ढिगाकडे बघून त्यांनी टोपी काढली, मग रागाने परत घातली.

"काल इथे कोण होतं?"

विल्माने नोंदवही पुढे केली. रविवारच्या पानावर एकच सही होती. एलिसेओ बर्रागान. साडेनऊ ते बारा.

"वाटलंच," वाइथ म्हणाले.

एलिसेओ मॉन्टेरेचा. दोन वर्षांपूर्वी संशोधनासाठी आला होता. नोव्हेंबरपासून एमरीचा आकडा पुन्हा काढून दाखवायचं काम त्याच्याकडे होतं आणि त्याला तो कधीच काढता आला नव्हता. डिसेंबरात एमरी दवाखान्यातून एकदा येऊन गेला, तेव्हा सगळ्यांसमोर तो त्याला म्हणाला होता, "सर, तुमच्या काचा खोटं बोलतात." एमरी हसला होता. वाइथ हसले नव्हते.

"मी काचांना हातसुद्धा लावला नाही," एलिसेओ म्हणाला. त्याच्या अंगठ्याला पट्टी होती.

"मग हे काय?"

"शनिवारी काच कापताना लागलं. नेनीला विचारा, तिनेच पट्टी बांधली. वर शिव्याही दिल्या."

"दिल्या," विल्मा म्हणाली. "अजून पुष्कळ द्यायच्या राहिल्यात."

वाइथना हसू आलं नाही. "पेटीला खटका आहे. फळीला कठडा आहे. पेटी आपोआप पडत नाही. चाव्या चौघांकडेच. मी, नेनी, एटेल आणि तू. शुक्रवारी मी वर कळवणार. तुझी जागा जाईल, बर्रागान. मग व्हिसाचं तू बघ."

एलिसेओ पांढराफटक पडला. त्याच्या बायकोचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चाललं होतं. त्याची जागा गेली तर दोघांनाही महिन्याभरात देश सोडावा लागणार होता.

"शुक्रवारपर्यंत हे तुकडे माझ्या ताब्यात द्या," विल्मा म्हणाली.

"कशाला?"

"काच बोलते, प्रोफेसर. माझं आयुष्य तिचं ऐकण्यातच गेलंय."

---

तिने आधी टॉर्च घेतला आणि फरशीवर आडवी झाली. त्रेसष्टाव्या वर्षी तो सोपा प्रकार नव्हता. कपाटाखाली, टेबलाखाली, भट्टीच्या पायांशी, सगळीकडे प्रकाश टाकला. कुठेही एक कणसुद्धा नव्हता.

मग पेटी उघडली. आत जाड लोकरी कापड होतं आणि पाच काचांचे पाच खाचे. ते कापड विल्मानेच शिवलं होतं. तिने खाच्यांमध्ये बोट फिरवलं. काचेचा चुरा तिथेही नव्हता.

मग एकेक तुकडा चिमट्याने उचलून पाहिला. तीन-चार तुकड्यांवर पांढऱ्या थरात फिकट जांभळे ओरखडे दिसत होते.

"हा आपला रंग का?" तिने एलिसेओला विचारलं.

त्याने वाकून पाहिलं. "नाही. आपला विटकरी. आणि या काचा तर कोऱ्याच होत्या, नेनी. त्या तिकडे नेऊनच रंगवायच्या होत्या."

"मग जांभळं कुठून आलं?"

"देव जाणे. हा थर काय, समोर येईल ते पितो. माझ्या काकासारखा."

"काल इथे काय करत होतास?"

"मोजमाप. माझ्याच काचांचं. पुन्हा पाचच्या आसपास. हलास सरांचे नऊ आणि माझे पाच. तीन महिने मी स्वतःला गाढव म्हणतोय."

"मोजताना काही चुकत नसेल ना?"

"मी मुखवटा लावल्याशिवाय एकदाही मोजलेलं नाही."

मुखवटा म्हणजे काळा रंग दिलेला पत्रा. त्याला मधोमध एक सेंटिमीटरची चौकोनी खिडकी होती. सेलवर तो ठेवला की खिडकीएवढाच प्रकाश आत जायचा आणि तेवढ्याच जागेची वीज मोजली जायची.

"एमरीला खोटारडा का म्हणालास?"

"त्यांना नाही म्हणालो. काचांना म्हणालो." एलिसेओने मान खाली घातली. "त्यांची माफी मागायला दवाखान्यात गेलो होतो. त्यांची वाचा गेली होती. त्यांनी मला नऊ बोटं दाखवली आणि हसले. मी काय बोलणार?"

---

मोजमापाच्या खोलीत एटेल बसायची. प्रयोगशाळेतल्या मोठ्या दिव्याला सगळे 'सूर्य' म्हणत आणि तो लावायचं काम तिचं. एटेल विल्माची मुलगी, अडतीस वर्षांची. तिला या कामावर एमरीनेच घेतलं होतं. तिचे वडील कारखान्यातल्या अपघातात गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला सायकल शिकवली ती एमरीने, बीजगणितही त्यानेच.

"नोव्हेंबरची वही दे," विल्मा म्हणाली.

"तुला काय कळणार आहे त्यातलं?"

"एकतीस वर्षं माझ्याच वहीवरून ट्रक सुटायचे, बाई."

एटेलने वही दिली. चौदा नोव्हेंबर. व्होल्टेज, प्रवाह, तापमान, सगळं तिच्या गोल अक्षरात. 'मुखवटा' या रकान्यात रोज बरोबरची खूण असायची. त्या दिवशी रकाना कोरा होता.

"इथे खूण नाही."

"राहिली असेल. सगळे नाचत होते त्या दिवशी." एटेल दिव्याची काच पुसत राहिली. "आई, वाइथ एलिसेओला खरंच घालवणार का?"

"तसंच म्हणताहेत."

"अपघात झाला असेल ना? पेटी पडली असेल. लोकांना प्रत्येक गोष्टीत गुन्हेगार कशाला लागतो?"

विल्माने वही मिटली. परत आल्यावर तिने आपला खण उघडला. खणात ती सगळ्या पावत्या साठवायची आणि सगळे त्यावरून तिला हसायचे. तिला हवी होती ती पावती पिवळी होती, वर्कशॉपची. मुखवट्याचा काळा रंग उडाला होता, म्हणून तो नव्याने रंगवायला पाठवला होता. दिला तेरा नोव्हेंबरला संध्याकाळी. परत आला अठराला. खाली सही विल्माचीच.

ती स्टुलावर बसली. मुखवटा तिनेच नेऊन दिला होता आणि तसं कुणाला सांगितल्याचं तिला आठवेना.

बुधवारी दुपारी तिने सगळ्यात मोठा तुकडा खिडकीशी नेला. त्यावर लेपाचा चौकोन जवळजवळ अख्खा होता. जांभळ्या ओरखड्यांपुढे तिने आपला पावडरीच्या डबीतला आरसा धरला.

आरशात दिसलं ते तिने दोनदा वाचलं. मग कोटाच्या खिशातून एक कागद काढला, सरळ केला आणि त्या तुकड्याशेजारी ठेवला.  कॉफी गार झाली.

गुरुवारी दुपारी तिने एटेलला जेवायला नेलं. नदीपलीकडच्या जुन्या खानावळीत कोबीच्या पानात गुंडाळलेलं मटण अजून तिच्या आईच्या पद्धतीने मिळायचं.

"रविवारची चर्चची पत्रिका आहे का गं तुझ्याकडे?" विल्माने विचारलं.

"टाकली असेल. का?"

"एमरीच्या प्रार्थनेची होती. मला वाटलं, तू जपून ठेवशील."

एटेल काट्याने कोबीचं पान उलगडत बसली. खाल्लं काहीच नाही.

"उद्या वाइथच्या खोलीत मी बोलणार आहे," विल्मा म्हणाली. "त्याआधी दुसरं कुणी बोललं तर मला फार बरं वाटेल."



---

शुक्रवारी दहा वाजता वाइथच्या खोलीत चौघं जमली. खुर्च्या तीनच होत्या. एलिसेओ उभा राहिला.

"बोला, नेनी."

विल्माने टेबलावर पांढरा रुमाल पसरला आणि त्यावर तुकडे मांडले.

"पहिली गोष्ट. या काचा पडून फुटलेल्या नाहीत. पडलेली काच पसरते. कारखान्यात एक तावदान पडलं की आम्ही आठवडाभर कणसं वेचल्यासारखे तुकडे वेचायचो. इथे कपाटाखाली कण नाही, पेटीत चुरा नाही. पेटीत लोकर आहे, पडली असती तरी एखादीच काच तडकली असती. पाचही फुटल्या, म्हणजे त्या पेटीतून बाहेर काढून फोडल्या आणि मग तुकडे फळीखाली ओतले."

"पण कण नाहीत म्हणता. फोडल्या तरी कण उडणारच."

"उघड्यावर फोडल्या तर. ओल्या कागदात गुंडाळून फोडल्या तर उडत नाहीत. काचकामगार काच तशीच फोडतो. तुम्ही फोडली असती तर रुमालात फोडली असती, आणि एलिसेओने फोडली असती तर अंगठाच काय, हातही राहिला नसता."

एलिसेओच्या घशातून हसण्यासारखा काहीतरी आवाज आला.

"काचकामगार इथे एकच आहे," वाइथ सावकाश म्हणाले. "तुम्ही."

"थांबा. दुसरी गोष्ट. फोडणाऱ्याने कागद ओला केला आणि एक गोष्ट विसरला. एमरीचा थर रंग पितो. त्याचा गुणच तो. कागदाची शाई सुटली, ती त्याने पिऊन घेतली. बघा."

तिने आरसा धरला. वाइथनी चष्मा सारखा केला आणि एकेक अक्षर लावत वाचलं. "इ... म्... रे. इम्रे? हे काय?"

"एमरीचं नाव. बारशाचं. शाळेत मास्तरीणबाईंना म्हणता येईना, म्हणून त्याचा एमरी झाला. तुमच्या कागदपत्रांत एमरी, पगारपत्रकात एमरी, थडग्यावरही एमरी, कारण त्याची बायको रोझलिन आमच्या वस्तीतली नाही. इम्रे आता एकाच ठिकाणी लिहितात. आमच्या चर्चच्या पत्रिकेत." तिने खिशातला कागद उलगडला. "हलास इम्रेसाठी प्रार्थना, आठ फेब्रुवारी. याच रविवारची. वरची ओळ जुळते, खालची ओळ जुळते, शाई तीच. यंत्र अख्ख्या गावात एक."

तिने पत्रिका तुकड्यांशेजारी ठेवली.

"प्रार्थना बाराला संपली. एलिसेओ सही करून बाराला इथून गेला. चर्चमधली पत्रिका त्याच्या हातात कधी पडलीच नाही. म्हणजे फोडणारा दुपारी आला, स्वतःच्या चावीने. तुम्ही रविवारी डेट्रॉइटला लेकीकडे होता. उरल्या दोन चाव्या, त्या चर्चच्या, त्या वस्तीच्या. माझी पत्रिका ही इथे आहे. कोरडी झालीय, पण अख्खी आहे."

तिने आरसा मिटून रुमालावर ठेवला.

"उघडी काच फोडायची नाही, कागद ओला करून घ्यायचा. हे मी एकाच मुलीला शिकवलं. ती आठ वर्षांची होती. मागच्या अंगणात."

"आई, पुरे," एटेल म्हणाली.

वाइथ तिच्याकडे वळले. "तू? तू तर त्याची... अगं, का?"

एटेलने हात मांडीवर ठेवले होते. एकात एक घट्ट.

"मुखवटा नव्हता," ती म्हणाली. "चौदा नोव्हेंबरला मुखवटा खणात नव्हता. वर्कशॉपला गेलाय हे मला माहीत नव्हतं. एमरी मागे उभा होता, घाई करत होता, त्याच्या पोटात दुखत होतं. मी म्हटलं, एकदा तसंच बघू, उद्या नीट मोजू. प्रकाश सगळ्या थरातून आत गेला आणि भागलं मात्र मी खिडकीच्या मापाने. सवयीने. नऊ पूर्णांक एक आले. तो ओरडला. सगळे धावत आले. मग उद्या उजाडलाच नाही. दुसऱ्या दिवशी त्याला दवाखान्यात नेलं, सेलही आठवड्यात सुकला."

"आणि तुला कळलं कधी?"

"वर्षाअखेरीला. वहीची नक्कल करताना कोरा रकाना दिसला आणि भागाकारातली चूक ध्यानात आली. त्याच्या जाण्याला अजून नऊ दिवस होते. मी रोज जायची. सांगायचं ठरवूनच जायची. तो बोटं दाखवायचा. नऊ. मी म्हणायची, हो, नऊ."  "या काचा चाचणीला गेल्या असत्या तर सगळ्या जगाला कळलं असतं. हलास म्हणजे तो, ज्याला मोजता येत नव्हतं. चूक माझी आणि बदनामी त्याची. मला वाटलं, फुटल्या की लोक हळहळतील, अपघात म्हणतील, नऊ तसेच राहतील. मला त्या फुटताना बघवत नव्हत्या, म्हणून गुंडाळल्या. हाताला आला तो कागद घेतला. वर त्याचं नाव आहे हेसुद्धा पाहिलं नाही."

"आणि मी?" एलिसेओने विचारलं. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

"चार दिवस मी रोज तुझ्या दारापर्यंत आले. शपथ. तोंड उघडेना. बोलले असते तर नऊचं खरंही सांगावं लागलं असतं."

वाइथ उठून खिडकीशी गेले. "नेनी," ते पाठमोरेच म्हणाले, "तुम्ही गप्प बसला असता तर कुणाला कळलं नसतं."

"मला कळलं असतं. आणि याचं सामान बांधलं गेलं असतं." विल्माने एलिसेओकडे बोट दाखवलं. "मुखवटा मी पाठवला, प्रोफेसर. सांगायची मी विसरले. लिहायचं असेल तर तेही लिहा."

एलिसेओने खिशातून पेन्सिल काढली. टेबलावरच्या पाकिटाच्या पाठीवर एक छोटा चौकोन काढला, त्याच्याभोवती थोडा मोठा.

"एटेल, सरांची चिकटपट्टीची चौकट. लेपाची बाजू किती असायची?"

"एक पूर्णांक दोन सेंटिमीटर. नेहमी."

"त्या दिवशी थराची सगळी जागा उजेडात होती? नक्की?"

"नक्की."

त्याने भागाकार केला. पुन्हा केला. मग पेन्सिल इतकी हळू खाली ठेवली, जणू तीही काचेचीच होती.

"सहा पूर्णांक तीन," तो म्हणाला.

वाइथ गर्रकन वळले. "सहा?"

"माझ्या वाचनात या दोन ऑक्साइडच्या मिश्रणातून कुणी चारच्या वर गेलेलं नाही. मी पाच काढतो, तेही सरांचं बघून बघून. मुखवटा लावूनही शिक्का मिळाला असता." तो एटेलकडे बघत नव्हता. "आणि या काचा धड असत्या ना, तर सूक्ष्मदर्शकाखाली थर कसा बसलाय ते बघून मी घोटायचं शिकलो असतो. एका वर्षात. दोन वर्षांत. आता हे सहा कुठे दाखवायचे? खरेच होते, पण ते दाखवायला काही उरलेलं नाही."

 वाइथनी टेबलावरचा अहवाल घेतला, त्यातलं एलिसेओचं नाव खोडलं आणि दुसरं नाव लिहायला पेन टेकवलं, पण लिहिलं काहीच नाही. पेन तसंच टेकलेलं राहिलं.

"लिहा," एटेल म्हणाली. "स्पेलिंग सांगते."

तिने एकेक अक्षर सांगितलं. मग आईकडे पाहिलं, लहानपणी काहीतरी सांडल्यावर बघायची तशी.

"आई, त्याला सहा चालले असते का गं? मी सांगितलं असतं तर?"

विल्माला खोटं बोलता आलं असतं.

"नाचला असता," ती म्हणाली.